जुन्या पुस्तकांच्या स्कॅनिंगला हात घालण्यापूर्वी

वडोदऱ्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या परिसरातील एखाद्या मराठी मंडळाने आपल्या कपाटांतील जुनी पुस्तके स्कॅन करण्याचे ठरवले असेल, तर पहिले पुस्तक उघडण्यापूर्वी हे काम कोणासाठी आहे ते एका वाक्यात लिहून त्यावर कार्यकारिणीच्या सह्या घ्याव्यात. ‘बडोद्यात छापलेली व इतरत्र सहज न मिळणारी मराठी पुस्तके अभ्यासकांना वाचता यावीत’ एवढे वाक्य पुरेसे आहे. ‘मराठी संस्कृतीचे जतन’ असे लिहिले, तर कोणतेही काम त्यात बसते.

त्याच कागदाच्या मागे या टप्प्यात न करायची कामे नावानिशी लिहावीत: मोडी कागदांचे लिप्यंतर, ज्येष्ठांच्या मुलाखती, ध्वनिपुस्तके, मोबाइल ॲप. आमच्या पहिल्या प्रयत्नात हा मागचा मजकूर नव्हता. कोणीतरी घरातले मोडी दप्तर आणून दिले, ते वाचणारा जाणकार शोधण्यात सारा उन्हाळा गेला, आणि कसर लागलेली पुस्तके कपाटात तशीच राहिली. ती सूचना चांगली होती, म्हणूनच तिला नकार देणे कोणालाही जमले नाही. आता अशा सूचनांसाठी वेगळी वही ठेवावी, तीत सुचवणाऱ्याचे नाव व तारीख नोंदवावी आणि ती वही टप्पा संपल्यावरच उघडावी. मधेच एखादे काम घ्यायचेच ठरले, तर त्याच्या बदल्यात कोणते काम सोडणार, हेही त्याच बैठकीत ठरवावे.

यानंतर पुस्तकांची सूची करावी आणि इतर ग्रंथालयांनी आधीच स्कॅन केलेली पुस्तके तीतून वगळावीत. भारतात लेखकाच्या हयातीत व त्याच्या निधनानंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे ज्यांच्याबाबत शंका आहे ती पुस्तकेही बाजूला काढावीत. मग वीस पुस्तके नमुन्यादाखल स्कॅन करून तासाला किती पाने होतात ते मोजावे, कारण जीर्ण बांधणीच्या पुस्तकाचे पान उलटायला लागणारा वेळ कोणीही आधी धरत नाही. या मोजणीवरून निघणारा काळ ठरलेल्या मुदतीत बसत नसेल, तर पुस्तके कमी करावीत, मुदत वाढवू नये. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये आधी अमरेली भागापुरतेच सुरू केले आणि सगळ्या संस्थानात ते 1906 मध्ये लागू झाले. ज्यांच्या हाती राज्याची तिजोरी होती त्यांनीही एका भागापासून आरंभ केला, हे बडोदेकरांनी तरी विसरू नये.

काम संपले असे कशावरून म्हणायचे, तेही आधीच लिहून ठेवावे. सूचीतील शेवटच्या पुस्तकाची फाइल तपासून झाली, तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आणि सूची कपाटाच्या दारावर लावली, की त्या दिवशी स्कॅनर परत करावा.