वर्गात जात, धर्म, राजकारण निघालं की इतिहासाच्या शिक्षकाने काय करायचं

नव्याने इतिहास शिकवायला लागलेल्यांसाठी लिहितोय. पोरं कधी काय विचारतील नेम नसतो. "सर, अफजलखानाच्या बाजूने आपले लोक का होते?", "आरक्षण अजून का आहे?" आणि मग आपल्यातले बरेच जण "ते परीक्षेला नाहीये, पुढे चला" म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. पोरगं गप्प बसत नाही, घरी जाऊन व्हॉट्सॲपवर बघतं आणि तिथे उत्तर तयारच असतं, तेही ओरडून सांगितलेलं.

माझी पद्धत एकच आहे, आधी पुरावा समोर ठेवायचा, मत नंतर. चित्र, ठराव, पत्र, काहीही चालेल, पण ते पोरांच्या डोळ्यासमोर पाहिजे.

सुरुवात मलिक अंबरपासून करा असं मी सगळ्यांना सांगतो. इथिओपियात जन्मलेला माणूस, गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकत विकत दख्खनला आला आणि निजामशाहीचा वजीर झाला, खडकी म्हणजे आत्ताचं संभाजीनगर त्याने वसवलं. जहांगीरला तो आयुष्यभर हाती लागला नाही. आता जहांगीरने काढून घेतलेलं एक चित्र आहे, साधारण १६१६ चं, डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात असतं, नेटवर सहज मिळतं. त्याची प्रिंट काढा. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य, आणि समोर भाल्यावर अंबरचं तोडलेलं मुंडकं, वर घुबड. पोरांना पाच मिनिटं नुसतं बघू द्या, काही बोलू नका. मग फळ्यावर एवढंच लिहा: मलिक अंबर, मृत्यू १६२६, म्हातारपणी, नैसर्गिक. कबर खुलताबादला.

वर्गात कुजबुज सुरू होते. म्हणजे हे झालंच नाही? मग काढलं कशाला? झालं, इतिहास इथून सुरू होतो. कोणी काढलं, कधी, कोणाला दाखवायला, हे प्रश्न पोरं स्वतः विचारायला लागतात.

याच तासाला आणखी एक गोष्ट होते, तिथे लक्ष ठेवा. चित्रातल्या काळ्या चेहऱ्याकडे बघून कोणीतरी हसतं आणि वर्गातल्या एखाद्या सावळ्या मुलाचं टोपणनाव घेतं. तिथल्या तिथे थांबवा, पण रागावून नाही. जहांगीरने आपल्या आठवणींत अंबरच्या रंगावरून शिव्या दिल्यात तेही सांगा, लढाईत हरवता येत नाही म्हणून रंगावर घसरला. बहुतेक वर्गाला ते लगेच कळतं. त्या सावळ्या मुलाला उभं करून मात्र काही विचारू नका, त्याला एकट्याला सगळ्यांसमोर आणणं हा दुसरा त्रास.

धर्माचा प्रश्न पण इथूनच सुटा करता येतो. १६२४ ची भातवडीची लढाई घ्या. मुघल आणि आदिलशाही एकीकडे, निजामशाही दुसरीकडे, अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढतायत आणि त्यांचे सासरे लखुजी जाधवराव तेव्हा मुघलांकडे. याचा तक्ता पोरांकडूनच काढून घ्या. तो एकदा वहीत उतरला की प्रतापगडला खानाचा वकील कृष्णाजी भास्कर आणि महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम, हे ऐकून पोरं गोंधळत नाहीत. धर्म नव्हताच असंही सांगू नका, होता, लोक त्याच्या नावाने लढलेही, पण वतन, नातं, पगार, भीती हे सगळं बरोबर होतं.

जातीवर आलात की तारखा फळ्यावर उभ्या ओळीत लिहा. १९२३, सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर. १९२४, महाड नगरपालिकेचा तसाच ठराव. २० मार्च १९२७, बाबासाहेब हजारो लोकांबरोबर चवदार तळ्यावर जाऊन पाणी पितात, नंतर लोकांवर हल्ला होतो, तळ्याचं 'शुद्धीकरण' होतं. ऑगस्ट १९२७, नगरपालिका आपला ठरावच मागे घेते. १९३७, हायकोर्टाचा निकाल, तळं अस्पृश्यांनाही खुलं. आता विचारा, ठराव १९२४ चा आहे तर तीन वर्षांनी पाणी प्यायला मोर्चा का काढावा लागला? कायदा कागदावर असणं आणि तळ्यावर असणं यातला फरक पोरं स्वतःच्या तोंडाने सांगतात, आरक्षणाचा प्रश्नही मग वेगळ्या सुरात येतो. आणि एक विनंती, स्कॉलरशिपच्या याद्या वर्गात मोठ्याने वाचू नका हो. जात विचारायची तर फॉर्म घरी पाठवा. सकाळी यादी वाचून दुपारी समता शिकवली तर कोण ऐकणार?

मोठ्या वर्गासाठी आर्यांचा विषय फार चांगला आहे. १८७३ ला जोतीरावांनी 'गुलामगिरी'त आर्य बाहेरून आले हे ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध वापरलं, आणि ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना. १९०३ ला टिळकांनी आर्यांचं मूळ उत्तर ध्रुवाकडे नेलं. १९४६ ला बाबासाहेबांनी ही वंशाची थिअरीच नाकारली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या युनोकडच्या अर्जाची माहिती मागवली. तिघांचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवा, कोण बरोबर हे लगेच सांगू नका, प्रत्येकाला त्यातून काय मिळवायचं होतं ते आधी शोधू द्या.

स्वतःचं मत? कोणाला मत देता ते वर्गात सांगू नका, पोरांनी कितीही खोदलं तरी. पण तटस्थ राहायचं म्हणून अस्पृश्यतेला दोन बाजू होत्या असं कधीच म्हणू नका, संविधानाच्या कलम १७ ने तो प्रश्न संपवलाय.

पालकांचा फोन येतो, कधी शाळेत येतात सुद्धा. म्हणून वर्गात वापरलेल्या प्रत्येक चित्राची, ठरावाची एक प्रत आणि कुठून घेतलं ते फाईलला लावून ठेवा, धडा घेण्याआधी मुख्याध्यापकांना दाखवून ठेवा. पालक आले की वाद घालू नका, फाईल पुढे करा आणि आपल्या पोराने त्या तासाला वहीत काय लिहिलंय ते त्यांनाच वाचायला सांगा.