मातीच्या कुंडीवर फुटक्या टाइल्सची नक्षी
घरात फरशीचं काम झालं की उरलेले टाइल्सचे तुकडे फेकू नका. फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचाही जपून ठेवा. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी अशाच टाकाऊ वस्तूंतून केवढी दुनिया उभी केली!

नक्षी टिकणार की गळणार, हे मात्र कुंडीच्या आतल्या बाजूवर ठरतं. भाजलेली माती पाणी शोषते आणि ते बाहेर झिरपताना तुकडे सुटे होतात. म्हणून कोरड्या कुंडीला आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या. तळाचं भोक मोकळं राहू द्या. चिकटवायला टाइल अ‍ॅडहेसिव्हच घ्या. सुतारकामाचा पांढरा गम रोजच्या पाण्यापुढे टिकत नाही.

टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. दोन तुकड्यांत २-३ मिलिमीटर फट सोडा, २४ तासांनी तीत ग्राउट (फटी बुजवायचं सिमेंटचं मिश्रण) भरा आणि ओल्या स्पंजाने पुसा. काठावर काच नको, रोप बदलताना हात नेमका तिथेच घासतो. पारदर्शक काचेखाली पांढरं अ‍ॅडहेसिव्ह लावा. राखाडीवर काचेचा रंग मरतो.