दाट झाडीतल्या डिस्क गोल्फ कोर्सवर जायच्या आधी

डिस्क गोल्फ, म्हणजे चपटी डिस्क कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये टाकायचा खेळ, मोकळ्या मैदानावर खेळायची सवय असेल आणि आता दाट झाडीतला अवघड कोर्स खेळायला निघाला असाल तर आधी बॅग उपसा. बारा-तेरा स्पीडचा (स्पीड म्हणजे डिस्कच्या वेगाचा आकडा) ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, एखादाच ठेवा, बाकी घरीच राहू देत, कारण तिथे लांब फेकायला जागाच नसते आणि एवढ्या स्पीडची डिस्क नीट उडायला जो जोर लावावा लागतो त्यात नेम हलतो. दोन-तीन पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायच्या डिस्क), एक सरळ जाणारी मिडरेंज (मधल्या अंतराची), एक शेवटी खात्रीने वळणारी ओव्हरस्टेबल, आणि सात स्पीडच्या आसपासचा फेअरवे ड्रायव्हर, बास. सगळ्या हाताला बसलेल्या हव्यात, कालच घेतलेली नको. झाडावर आपटणं होणारच, म्हणून टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) फेकायच्या डिस्क प्रीमियम प्लास्टिकच्या असू द्या, बेस प्लास्टिक मार खाऊन लवकर अंडरस्टेबल होतं, म्हणजे नेहमीच्या उलट बाजूला वळायला लागतं, ते पटिंगला ठेवा, तिथे त्याची पकड मस्त असते.

रंगाकडे खरंच लक्ष द्या. हिरवी, तपकिरी, काळी डिस्क झुडपात गेली की समोर असून दिसत नाही, आणि पानगळीत तर पिवळी, केशरी, लालसुद्धा पानांत मिसळते, तेव्हा गुलाबी किंवा निळी बरी. मागे नाव आणि फोन नंबर मार्करने लिहा. नियमाप्रमाणे शोधायला तीनच मिनिटं मिळतात, नाही सापडली तर एक पेनल्टी (एक थ्रो जास्त मोजायचा) आणि परत आधीच्या जागेवरून थ्रो, म्हणून आंधळ्या वळणावर ग्रुपमधल्या एकाला पुढे उभं करायचं हे आधीच ठरवून ठेवा.

फुल पँट, पकड असलेले बूट, किड्यांचा स्प्रे, पाणी, दोन टॉवेल. झाडीत दव लवकर वाळत नाही, ओली डिस्क हातातून सटकते.

आता प्रॅक्टिस, माझ्या मते सगळी तयारी इथेच आहे. हातातून सुटताना दिशा एका अंशाने चुकली तरी 60 मीटरवर डिस्क साधारण एक मीटर बाजूला जाते, आणि जंगलात एक मीटर म्हणजे झाड. म्हणून आधीचे काही दिवस लांबी विसरा, दोन झाडं किंवा दोन खांब बघा आणि त्यांच्यामधून पटर आणि मिडरेंज कमरेच्या उंचीवरून, निम्म्या-पाऊण जोराने फेकत बसा. मग रनअप काढून टाका आणि जागेवर उभं राहून तेच करा, कारण मुळांमध्ये आणि उतारावर पावलं टाकायला जागा मिळेलच असं नाही. उजव्या हाताने खेळत असाल तर बॅकहँड (हात अंगासमोरून आडवा नेऊन फेकलेला थ्रो) शेवटी डावीकडे वळतो आणि फोरहँड (हात त्याच बाजूला ठेवून, तळवा पुढे करून फेकलेला) उजवीकडे, झाडीत हे दोन्ही लागतात, फोरहँड कच्चा असेल तर निदान 30 मीटरचा तरी पक्का करा. एका गुडघ्यावर बसून, पाय फाकवून, फांदीखालून जमिनीलगत असे थ्रोसुद्धा करून बघा, कोणी बघत असेल तर बघू दे.

नियमातलं एक नक्की माहीत असू द्या. थ्रो करताना हात फांदीला लागला तर चालतं, पण जागा करायला फांदी मोडणं किंवा दाबून धरणं चालत नाही. डिस्क अगदी काटेरी झुडपात गेली तर एक पेनल्टी घेऊन बास्केट आणि डिस्कच्या सरळ रेषेत, बास्केटपासून लांब असं मागे येता येतं, अंग ओरबाडून घेण्यापेक्षा ते खूपदा स्वस्त पडतं.

आदल्या रात्री कोर्सचा नकाशा बघा आणि प्रत्येक होलला (टीपासून बास्केटपर्यंतच्या टप्प्याला) डिस्क कुठे उतरवायची तेवढं लिहून काढा, बास्केट किती लांब ते नंतर. झाडांमधून दोन गॅप दिसत असतील तर रुंद असेल तो घ्या, लांबचा पडला तरी. आणि फेअरवेतून (टीपासून बास्केटपर्यंतच्या मोकळ्या वाटेतून) बाहेर गेलात तर पहिला थ्रो फेअरवेत परत यायलाच, मग तो आडवा असो की मागे, पाच झाडांच्या फटीतून बास्केट दिसतंय म्हणून तिकडे मारायचं नाही. हे घरी असतानाच ठरवा, तिथे उभं राहिल्यावर ती फट फार मोठी वाटते.

झाडीत उजेड बाहेरच्यापेक्षा लवकर जातो आणि शोधाशोधीत वेळही जातो, तेव्हा नेहमीपेक्षा तासभर आधीच सुरू करा.