'तुलना करा' म्हटलं की तक्ता काढू नका: सार्वजनिक कायदा शिकताना या चुका टाळा

"कामून कापले सर मार्क? तक्ता तर पूरा काढला होता." परभणीत सराव परीक्षेनंतर पहिल्या वर्षाच्या एका पोरानं उत्तरपत्रिका माझ्यापुढं सरकवली. तक्ता खरंच पूर्ण होता, रकाने पट्टीनं आखलेले. भारताच्या राज्यघटनेनं ब्रिटनकडून संसदीय पद्धत घेतली, अमेरिकेकडून मूलभूत हक्क, आयर्लंडकडून मार्गदर्शक तत्त्वे, कॅनडाकडून शेषाधिकार (कोणत्याच सूचीत नसलेल्या विषयांवर कायदा करण्याचा केंद्राचा अधिकार). प्रश्न होता 'तुलना करा', आणि उत्तरात नुसती उसनवारीची यादी.

स्पर्धा परीक्षेच्या गाइडांनी लावलेली ही सवय आहे. उसनवारीचा आरोप बाबासाहेबांच्या काळातही झाला होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडताना त्यांनी तो निकालात काढला. राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं, हे त्यांचं म्हणणं. तेव्हा काय घेतलं हे लिहून थांबू नका. घेताना काय बदललं आणि पुढं त्याचं काय झालं, तिथं खरे मार्क आहेत.

अनुच्छेद २१ घ्या, जीविताच्या आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काचा. अमेरिकेच्या घटनेत 'ड्यू प्रोसेस' (उचित कायदेशीर प्रक्रिया) हे शब्द आहेत. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. या शब्दांच्या आधारे न्यायालयं कायदेमंडळावर कुरघोडी करतात, असा फ्रँकफर्टर यांचा रोख होता. आपल्याकडं मग 'कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द आले. १९५० च्या गोपालन खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा अर्थ अगदी अरुंद लावला: कायद्यात लिहिलेली पद्धत पाळली की झालं. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात तेच न्यायालय म्हणालं, कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी हवी. म्हणजे जे दारातून आत घेतलं नाही, ते खिडकीतून आलं. एवढं चार ओळींत लिहा, तक्त्याची गरज उरत नाही.

'ब्रिटनला लिखित राज्यघटना नाही' हे वाक्य तर दर दुसऱ्या पेपरात सापडतं. १६८९ चं बिल ऑफ राइट्स, १९११ आणि १९४९ चे पार्लमेंट ॲक्ट, १९९८ चा ह्यूमन राइट्स ॲक्ट हे सगळं लिहिलेलंच आहे की! एका दस्तऐवजात संहिताबद्ध नाही, असं लिहा.

संघराज्याच्या प्रश्नात मात्र मला खरंच वाईट वाटतं. मराठवाड्यातली पोरं अमेरिका, कॅनडा, स्वित्झर्लंड घोकतात आणि पायाखालचं उदाहरण सोडून देतात. २६ जानेवारी १९५० ला आपण हैदराबाद राज्यात होतो, 'भाग ब' मधलं, म्हणजे पूर्वीच्या संस्थानाचं राज्य, आणि राजप्रमुख (राज्यपालासारखं पद) होते निजाम. १९५६ मध्ये संसदेनं राज्य पुनर्रचना कायदा केला. हैदराबादचे तीन तुकडे झाले: तेलंगण आंध्रकडं, कन्नड जिल्हे म्हैसूरकडं, मराठवाडा द्वैभाषिक मुंबईत. हे संसदेत साध्या बहुमतानं होऊ शकतं, आणि अनुच्छेद ३ नुसार राज्याच्या विधिमंडळाचं फक्त मत मागवायचं असतं, संमती लागत नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेनं तेलंगणचं विधेयक फेटाळलं, तरी संसदेनं ते मंजूर केलं. अमेरिकेत मात्र एखाद्या राज्यातून नवं राज्य काढायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. दोन घटनांमधला फरक इथं उघडा पडतो. वर अनुच्छेद ३७१(२) जोडा, मराठवाड्याच्या विकास मंडळाची राज्यपालांवरची विशेष जबाबदारी. ३७१ म्हणजे फक्त ईशान्य भारत, असं समजून पोरं ते पान उलटतात.

'जमिनीचा वाद म्हणजे खासगी कायदा' ही आणखी एक ठोकळ समजूत. दोन भावांत शेतरस्त्यावरून भांडण आहे. धाकटा तहसीलदाराकडं अर्ज करतो, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागतो. तहसीलदार थोरल्याला नोटीस न देताच आदेश काढतात. भांडण भावाभावाचंच आहे, पण आता थोरल्याची तक्रार भावाविरुद्ध राहिली नाही. 'माझं ऐकून न घेता सरकारी अधिकाऱ्यानं अधिकार वापरला' ही तक्रार सार्वजनिक कायद्याची, म्हणजे सरकार आणि नागरिक यांच्यातल्या कायद्याची. आधी विचारा, अधिकार कुणी वापरला आणि कोणत्या कायद्याखाली? वादाचा विषय जमीन आहे की नोकरी, हे नंतर.

मग पुढची चूक: थोरल्याला पोरं थेट अनुच्छेद ३२ खाली दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात पाठवतात. त्याला नांदेडहून सचखंड एक्सप्रेसमध्ये बसवायची गरज नाही. ३२ मूलभूत हक्कांपुरता. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय इतर कारणांसाठीही रिट (सरकारी अधिकाऱ्याला दिलेला न्यायालयाचा आदेश) काढू शकतं. पण तिथंही आधी विचारतील, अपील का केलं नाही? पर्यायी उपाय असला तर न्यायालय सहसा हात आखडता घेतं. मात्र नैसर्गिक न्यायाचाच (जसं की, बाजू ऐकून घेतल्याशिवाय निर्णय नाही) भंग असेल तर दार उघडू शकतं, आणि थोरल्याचं म्हणणं नेमकं तेच आहे.

उत्तरात 'औरंगाबाद उच्च न्यायालय' असं लिहू नका. १९८१ मध्ये सुरू झालेलं ते मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. तेही घटनेच्या अनुच्छेदातून नाही, तर त्याच १९५६ च्या पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मधून आलेलं. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.