चर्चच्या मंडळीत येणाऱ्या प्रत्येकाला आपलेपणा वाटावा म्हणून काय करावे?

उपासना संपली की ओळखीच्यांचे घोळके जमतात आणि नवा माणूस दाराजवळ मोबाइल चाळत उभा राहतो. सुरुवात इथूनच करा. शेवटच्या आशीर्वादानंतरची पहिली 10 मिनिटं अनोळखी लोकांसाठी राखून ठेवा, मित्रांशी गप्पा नंतर होतातच. हे काम स्वागत समितीवर ढकलू नका. नाव विचारा, घरी जाऊन लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी त्याच नावाने हाक मारा. प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं (बायबलमधलं 'रोमकरांस पत्र') तेव्हा तो रोमला गेलाही नव्हता, तरी सोळाव्या अध्यायात वीसहून अधिक जणांना नावानिशी सलाम सांगतो.

मग कोण आलं नाही, याकडे वळा. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, एकट्याने सगळ्यांकडे लक्ष देणं जमत नाही, म्हणून 8-10 कुटुंबांचे गट करून प्रत्येक गट एकेकाकडे सोपवा. सलग दोन रविवार कोणी दिसलं नाही तर फोन करायचा. "का आला नाहीत?" असं विचारलं की हजेरी घेतल्यासारखं वाटतं. "तुमची आठवण झाली, सगळं ठीक ना?" एवढं पुरे. आणि त्याच फोनवर वर्गणीचा विषय मुळीच काढू नका.

दुःखाच्या घरी अंत्यविधीला सगळेच जातात. महिन्याभराने तिथली वर्दळ थांबते, तेव्हा जा. "काही लागलं तर सांगा" म्हटल्यावर सहसा कोणी सांगत नाही. त्याऐवजी "गुरुवारी तुम्हाला दवाखान्यात मी नेतो" म्हणा. पैशांची मदत करायची तर ती दोन विश्वासू माणसांपुरती ठेवा. जाहीर उल्लेख नको, फोटो तर नकोच.

सगळ्यात अवघड काम तक्रार ऐकून घेण्याचं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतल्या ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर आहे, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवलं नाही. सात जण निवडायला लावले, आणि त्या सातांची नावं पाहिली तर सगळी ग्रीक! म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांकडे कारभार गेला. आपण मात्र तक्रार करणाऱ्यालाच 'आत्मिक वाढ कमी आहे' म्हणून मोकळे होतो.

प्रार्थना सभेसाठीही एक नियम हवा. "तिच्यासाठी प्रार्थना करा हं, घरात काही धड चाललेलं नाही" अशी सुरुवात झाली की पुढचा अर्धा तास कुचाळक्यांत जातो. दुसऱ्याचा विषय त्याला विचारल्याशिवाय मांडायचा नाही, हे सभा चालवणाऱ्याने तिथल्या तिथे सांगावं. भांडण असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला क्रम पाळा: आधी दोघांनी एकांतात बोलायचं, नाही जमलं तर एक-दोघांना सोबत घ्यायचं, आणि मंडळीपुढे अगदी शेवटी.

नवा माणूस रुळायला लागला की त्याला काहीतरी काम द्या. खुर्च्या मांडणं, गीतांची पुस्तकं वाटणं, आजाऱ्याच्या भेटीला सोबत येणं, काहीही चालेल. फक्त लहान मुलांची जबाबदारी घाईने देऊ नका. शब्बाथ शाळेच्या (मुलांना बायबल शिकवण्याच्या) वर्गात नेहमी दोन प्रौढ असावेत, मग माणूस कितीही जुना आणि भरवशाचा असो.