डी अँड डी कॅम्पेनची आर्क आखताना या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

"दादा, प्लेअर माझ्या स्टोरीत येतच नाहीत, काय करू?" हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि विचारणाऱ्याने पहिलं सेशन व्हायच्या आधीच चाळीस पानं लिहून ठेवलेली असतात. नवख्यांसाठी: डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ. डीएम गोष्ट चालवतो, बाकीचे प्लेअर एकेक पात्र होतात; एक बैठक म्हणजे सेशन, अनेक सेशनची मोठी गोष्ट म्हणजे कॅम्पेन, आणि तिच्यातला एक सलग तुकडा म्हणजे आर्क.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे अख्खी आर्क एकाच धाग्यावर टांगणं. रत्नागिरीत आमचा पाच जणांचा ग्रुप, डी अँड डीचे रूल्स, साल १७५५, सगळे आंग्र्यांच्या आरमारातले, सुवर्णदुर्ग नुकताच पडलेला आणि आता विजयदुर्गावर हल्ला कसा होणार ते शोधायचं. ते कळणार एका पत्रातून, आणि पत्र शत्रूच्या जहाजावर कप्तानाच्या पेटीत. बारा सेशनचा प्लॅन होता माझा. दुसऱ्याच सेशनला आमचा मालवणी गडी म्हणाला, "कित्याक एवढो विचार, पेटव मरे!" डी-२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकला, आले वीस, त्याहून भारी काही नाही, जहाज पत्रासकट तळाला. मग मी काय करावं, तर एक कोळी आणला, त्याच्या जाळ्यात ते पत्र सापडलं. कोरडं ठणठणीत. त्यानंतर कुठेही काहीही बुडालं की सगळे विचारायचे, "कोळ्याक काय गावला?"

तेव्हापासून जे प्लेअरना कळायलाच हवं ते मी तीन ठिकाणी ठेवतो: पत्र, बंदरावर दारू पिऊन बडबडणारा तांडेल, आणि रात्री खाडीच्या तोंडाशी पाण्याची खोली मोजणारी होडी. दोन हुकल्या तरी तिसरी गावते. आणि प्लेअर काय करतील ते लिहायचंच सोडलं, फक्त व्हिलनचं लिहितो, कोणी अडवलं नाही तर तो पौर्णिमेला काय करेल, अमावास्येच्या उधाणाला काय करेल. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद नट उभ्याउभ्या रचतात, आणि तरी पहाटेपर्यंत माणूस हलत नाही. तेवढा भरवसा आपल्या प्लेअरवर टाकायला काय जातं?

इतिहास घेतला की शेवट आधीच फुटलेला असतो. १७५६ ला विजयदुर्ग गेला, आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक, म्हणून किल्ला वाचवायच्या भानगडीत आम्ही पडलोच नाही, त्या आगीतून आपली माणसं किती काढता येतात त्यावर खेळलो.

प्लेअरकडून पात्राची बॅकस्टोरी, म्हणजे आधीचं आयुष्य, वापरणार नसाल तर मागू नका. व्हिलनचं नाव पहिल्याच दिवशी कानावर पडू दे. तयार अॅडव्हेंचर (दुसऱ्याने लिहून ठेवलेली गोष्ट) घ्यायचं तर खुशाल घ्या, पण एकदा पूर्ण वाचा तरी, लढाईच्या मध्ये पानं चाळत बसलेला डीएम बघवत नाही.

आणि मे महिन्यात वीस सेशनची आर्क चालू करू नका प्लीज. जूनपासून लाइटचा भरवसा नाही, ऑनलाइन सेशन अर्ध्यात तुटतं, मग गणपती. चार-पाच सेशनमध्ये संपेल असाच तुकडा घ्या. आमचा अर्धा ग्रुप गणपतीला गावी गेला तो दिवाळीनंतर उगवला, तोवर व्हिलनचं नाव मलाच आठवेना.