गॉथिक कादंबरी वाचताय? भूत राहू दे, आधी घर बघा

गॉथिक म्हणजे भुताची गोष्ट असं धरून बसलात तर पन्नास पानांत कंटाळाल, कारण भूत लवकर येतच नाही, नुसता किल्ला, पाऊस आणि घाबरलेली मुलगी. म्हणून घर बघा. ते कोणाचं, त्याच्याकडे आलं कसं आणि कुठली खोली बंद ठेवलीये, एवढं पेन्सिलने मार्क करत जा.

सुरुवात होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'पासून करा, १७६४ ची, छोटीच आहे. लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलावर भलंमोठं शिरस्त्राण पडतं आणि तो चिरडून मरतो, इथे हसू येतं, येऊ दे. पण शेवटी कळतं की किल्लेदार मॅनफ्रेडच्या आजोबांनी मूळ मालकाला विष देऊन खोट्या मृत्युपत्रावर सगळं लाटलेलं. म्हणजे भावकीतला जमिनीचा वादच की, फक्त फिर्यादी मेलेला!

मग गोष्ट सांगतंय कोण ते बघा. वॉलपोलने आधी जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद म्हणून खपवली, दुसऱ्या आवृत्तीत कबुली दिली. 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) एका दर्यावर्दी माणसाने बहिणीला लिहिलेली पत्रं, त्यात व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची हकिकत, त्याच्याही आत त्याने घडवलेल्या प्राण्याची. 'ड्रॅक्युला' (१८९७) तर डायऱ्या, पत्रं, तारा. असं ऐकीव आणि कागदोपत्री असलं की 'खरं असेल का' ही शंका मनात राहतेच, भीती तिथूनच येते.

अ‍ॅन रॅडक्लिफ वाचताना पेशन्स ठेवा. तिच्या 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'मध्ये (१७९४) नायिका एमिली काळा पडदा उचलते, बघते आणि बेशुद्ध पडते, आणि आत काय होतं ते बाई आपल्याला पार शेवटाकडे सांगतात, ती मेणाची आकृती निघते! मला तेव्हा राग आलेला, पण तिची पद्धतच ती, भुताटकीचं कारण शेवटी साधंच निघतं. मॅथ्यू लुईसच्या 'द मंक'मध्ये (१७९६) मात्र सैतान खराच येतो. म्हणून वाचताना लेखक कुठल्या पार्टीतला ते ओळखा.

वादळ, चंद्र, कुरकुरणारी दारं वगैरे दिसतीलच, त्यावर वेळ घालवू नका.

आता घराचा नियम 'जेन एअर'ला (१८४७) लावून बघा, वाचली नसेल तर इथेच थांबा. रात्री वरून हसण्याचा आवाज येतो तो भुताचा नाही, वरच्या मजल्यावर मालकाची पहिली बायको कोंडलीये, आणि ते लग्न घरच्यांनी जमवलं तेच तिच्यासोबत येणाऱ्या ३०,००० पौंडांसाठी.